एक बाजू पुराव्याला

नगरच्या जुन्या वाड्यात माळ्यावरून एखादी गंजकी सुरी खाली आली, की तिचे मालक दोनच असू शकतात. एक चांदबिबी, दुसरे पंडित नेहरू. सुरी जरा वाकडी आणि भेसूर असेल तर चांदबिबीची. सरळ आणि बोथट असेल तर नेहरूंची; कारण 1942 ते 1945 ते भुईकोट किल्ल्यात होते, पुस्तक लिहीत होते, मग पावाला लोणीही लावत असणारच. यात नगरकरांचा दोष नाही. ज्या गावात डोंगरावरच्या सलाबतखानाच्या कबरीला पिढ्यान् पिढ्या 'चांदबिबीचा महाल' म्हणतात आणि शाळेच्या सहली नेऊन पोरांनाही तेच सांगतात, तिथे एका सुरीची वंशावळ कोण तपासत बसणार?

एक माणूस बसतो. सावेडीला आमच्या सोसायटीत तळमजल्यावर राहतो. अंगात बिनबाह्यांची बनियन, नाकावर दोऱ्याने बांधलेला चष्मा, दहा नखांना तपकिरी रंगाच्या दहा छटा. आडनाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ते फक्त पोस्टमनला लागतं. बाकीच्यांसाठी ते 'मूठवाले काका'. जुन्या चाकू-सुऱ्यांच्या हाडाच्या मुठी काका दुरुस्त करतात आणि रंगवतात. फक्त मुठी. पात्याची तक्रार घेऊन कुणी आलं, तर "धारवाला सायकलवर येतो, त्याला गाठा" म्हणून दारातूनच बोळवण. पाहुणे आले की नगरकर त्यांना रणगाड्यांच्या संग्रहालयात नेतो; 1994 पासून हा गावाचा रिवाज आहे. काकाही एकदा गेले होते. सगळे रणगाडे शांतपणे बघून बाहेर आले आणि म्हणाले, "चांगलं आहे. पण धरायचं कुठे?"

निवृत्त होण्यापूर्वी काका वीज मंडळात मीटर वाचत. माळीवाडा, तोफखाना, दाळमंडई अशा जुन्या भागात मीटर दारातच सापडणं ही चैन. ते असायचं जिन्याखाली, कोठीच्या खोलीत, कधी थेट देवघराच्या डोक्यावर. आकडा टिपता टिपता कुणाच्या खुंटीला काय लटकतंय, फडताळात कुठल्या डब्यामागे काय पडलंय, हीही नोंद आपोआप होत गेली. वही मंडळाकडे जमा झाली. ही दुसरी नोंद काकांकडेच राहिली. निवृत्तीनंतर ते त्याच दारांत पुन्हा उभे राहू लागले. "तुमच्या कोठीच्या खोलीत, मीटरच्या डाव्या हाताला, हाडाच्या मुठीची एक सुरी होती." घरातली सून गांगरते. मुलगा म्हणतो, "छे हो, आमच्याकडे असलं काही नाही." काका म्हणतात, "घड्याळाच्या डब्यामागे बघा. डबा हिरवा होता." आणि सुरी निघते! सुनेला लग्नानंतर इतक्या वर्षांत जे सापडलं नाही, ते परका माणूस दारात उभा राहून सांगतो, याचं घरात कौतुक होत नाही, हेही सांगायला हवं.

सुरी बाहेर आली की काकांचं दुसरं काम सुरू होतं: समोरच्याच्या पूर्वजांना पायरीवरून खाली उतरवणं. एका घरात ठाम समज होता, की त्यांची सुरी वेलस्लीच्या फौजेतली. 1803 च्या ऑगस्टमध्ये इंग्रजांनी नगरचा किल्ला घेतला तेव्हा खापरपणजोबांनी ती एका गोऱ्याच्या हातून हिसकावली. काकांनी सगळी कथा ऐकून घेतली, मान डोलावली, लिंबाची फोड मागितली आणि मुठीजवळचं पातं चोळायला घेतलं. काळा थर निघाला तशी अक्षरं दिसू लागली. 'शेफील्ड'. त्याखाली, 'स्टेनलेस'.

"न गंजणारं पोलाद," काका म्हणाले, "शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने 1913 साली काढलं. वेलस्लीला ही सुरी हवी असती तर एकशे दहा वर्षं वेढा घालून बसावं लागलं असतं. त्याने तर चार दिवसांत आटोपलं."

त्या घरात काकांना चहा मिळाला नाही. दुरुस्तीचं काम मात्र मिळालं, कारण खापरपणजोबा गेले तरी सुरी होतीच.

खरा इतिहास फार साधा आहे आणि काकांना तो पाठ आहे. भिंगारला छावणी, छावणीत साहेब, साहेबाची मेस. शिवाय 1831 पासून अमेरिकन मिशनचे पाद्री गावात. या सगळ्यांच्या टेबलावर शेफील्डच्या, हाडाच्या मुठीच्या सुऱ्या. साहेब गेला, पाद्री गेले, खानसामे इथेच राहिले. सुऱ्या कधी बक्षिसीत, कधी लिलावात, कधी नुसत्याच, गावात उतरल्या. जी सुरी लोण्यासाठी घडवली ती पेरू कापू लागली, मग सुतळी, मग पोरांच्या पेन्सिली, आणि शेवटी कडी नसलेल्या खिडकीत अडकवून ठेवायला उपयोगी पडली. अधूनमधून खिशातला एखादा रॉजरचा चाकूही मिळतो, पात्यावर तारा आणि क्रॉस. तो आला की काका उठून उभे राहतात. चाकू ठेवून झाला की बसतात.

हस्तिदंताचं प्रकरण वेगळं. हाडाची मूठ आपल्या घरात आहे हे कुणालाच आवडत नाही. हस्तिदंताची सगळ्यांना आवडते. "आमची हस्तिदंती आहे बरं का काका," असं कुणी म्हटलं, की काका उत्साहाने खुर्ची पुढे ओढतात. "वा! मग वनखात्याचा मालकीचा दाखला असेलच. 1972 चा वन्यजीव कायदा आहे. दाखल्याशिवाय घरात ठेवता येत नाही. घेऊन या, झेरॉक्स चालेल." यावर पाहुणा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतो. थोड्या वेळाने म्हणतो, "तसं आजी हाडाचीच म्हणायची." आजवर एकाही घरातला हस्तिदंत या प्रश्नानंतर हस्तिदंत राहिलेला नाही.

मग काका भिंगातून दाखवतात. हाडावर बारीक काळसर ठिपके आणि रेघोट्या असतात. जनावर जिवंत असताना तिथून रक्तवाहिन्या जात. हस्तिदंताच्या कापलेल्या टोकाला एकमेकींना छेदणाऱ्या रेषांची जाळी दिसते. आणि तिसरं एक सोंग असतं, सेल्युलॉइडचं. त्यावर अंगठा जोराने घासून हुंगायचं. कापराचा वास आला की समजावं, आजोबांना विकणारा हुशार होता. सांबरशिंगाला काका हात लावत नाहीत. गळून पडलेलं शिंगसुद्धा विकता-घेता येत नाही, हे ते गिऱ्हाइकाला बजावतात आणि त्याऐवजी म्हशीच्या हाडावर कानशीने आडवेतिडवे खाचे पाडून, खाच्यांत गडद रंग बसवून, वरून उजळ घासून हुबेहूब सांबरशिंग करून देतात. शेफील्डवालेही हेच करायचे. नक्कल करण्यात काकांना काही वावगं वाटत नाही. नक्कल आहे हे सांगायला गिऱ्हाईक थांबत नाही, याचंच त्यांना वाईट वाटतं.

इतक्या चिकित्सक माणसालाही एक वेड आहे, आणि त्या वेडाचं नाव बोअर. दक्षिण आफ्रिकेतल्या युद्धात पकडलेले बोअर कैदी इंग्रजांनी सेंट हेलेना, सिलोन, बर्म्युडा असे जगभर पांगवले. 1901 च्या सुमारास त्यांतले काही नगरच्या छावणीतही आणून ठेवले. हे खरं आहे. असे कैदी वेळ जाईना म्हणून लाकूड आणि हाड कोरत बसत, हेही खरं आहे. या दोन खऱ्या गोष्टींवर काकांनी जी इमारत उठवली आहे ती मात्र त्यांची स्वतःची. ज्या मुठीवर कारखान्याचा शिक्का नाही, खिळे सरळ रेषेत नाहीत आणि नक्षी जरा कच्ची आहे, ती प्रत्येक मूठ बोअर कैद्याने कोरलेली. वेलस्लीला बाराच्या भावात काढणारा माणूस इथे हळवा होतो. "बघ," ते मला म्हणतात, "ही रेघ बघ. घरची आठवण आल्याशिवाय माणूस अशी रेघ मारत नाही." मी एकदा म्हटलं, काका, ही रेघ आपल्या इथल्या एखाद्या लोहाराच्या पोराचीही असू शकेल की. त्यांनी सुरी माझ्या हातातून काढून घेतली आणि फडक्यात गुंडाळली. चांदबिबी ज्याची त्याची असते, एवढं मला त्या दिवशी कळलं आणि मी विषय बदलला.

प्रत्यक्ष कामाला जागा मागची गॅलरी. ती जागा ठरली त्याला कारण काकू. काकूंचं माहेर नेवाशाचं, गळ्यात तुळशीची माळ, वर्षाला वारी. निवृत्त नवऱ्याने काहीतरी छंद लावून घ्यावा असा आग्रह त्यांचाच होता. त्यांच्या मनात बागकाम होतं. एका सकाळी काका खाटकाकडून म्हशीच्या पायाच्या नळ्या पिशवीत घालून घरी आले, तेव्हा काकूंनी दारातच तह केला. हाडं उंबरठ्याच्या आत येणार नाहीत. स्टोव्ह वेगळा, भांडं वेगळं, फडकी वेगळी. एकादशी, गुरुवार, संकष्टी बंद. श्रावण पूर्ण बंद. गणपतीत बंद. पितृपंधरवड्यात तर विचारूच नये. काका हिशेब करून सांगतात, की कामाला वर्षाचे दिवस उरतात तरी किती. पण तो आकडा दर वेळी वेगळा येतो.

हाडातली चरबी काढणं हे पहिलं आणि सगळ्यात किळसवाणं काम. चरबी राहिली तर रंग धरत नाही, मुठीवर कोड आल्यासारखे डाग पडतात. म्हणून नळीच्या पट्ट्या कापून त्या धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात मंद आचेवर ठेवायच्या. खळखळ उकळू द्यायचं नाही. हाड जास्त शिजलं की ठिसूळ होतं आणि खिळा ठोकताना तडकतं. मग हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवून पांढरं करायचं आणि आठवडेच्या आठवडे सावलीत वाळवायचं. नगरचं मे महिन्यातलं ऊन लागलं तर पट्टी चिरते. कानशीने घासताना तोंडाला फडकं हवं, कारण ती धूळ छातीत जाते. आणि घाईने घासलं की हाड तापून जळक्या केसांचा वास सुटतो. एका श्रावणी सोमवारी काकांनी तह मोडून थोडंसं घासलं. अर्ध्या तासात सगळी सोसायटी जिन्यात जमली. श्रावणात बोंबील कोण भाजतंय, यावर तावातावाने चर्चा झाली, दुसऱ्या मजल्यावरच्या बिचाऱ्या नव्या भाडेकरूंवर संशय गेला आणि घरोघरी जाऊन चौकशी करायची समिती नेमली. समितीचे अध्यक्ष म्हणून सर्वानुमते काकांची निवड झाली. ते ज्येष्ठ होते, आणि त्यांना प्रत्येकाच्या घरात कुठे काय असतं ते माहीत होतं.

जेवणाच्या सुरीची मूठ बहुधा सैल झालेली असते. पात्याची मागची काडी मुठीच्या भोकात राळेने बसवलेली असते आणि कुणीतरी ती सुरी उकळत्या पाण्यात घातलेली असते. साहेबाच्या बटलरला माहीत होतं, की हाडाच्या मुठीची सुरी उभी ठेवायची, गरम पाणी फक्त पात्यापुरतं. आपल्याकडे मोरीत सगळं एकत्र. काका मूठ ओल्या फडक्यात धरतात, पातं मेणबत्तीवर तापवतात, राळ मऊ झाली की हलकेच पिळून काडी बाहेर काढतात. आतून शंभर वर्षांचा गंज आणि काळा चुरा सांडतो. तो ते कागदात जमवतात. फेकत नाहीत. का, ते विचारू नये. मग नवी राळ, त्यात विटेची वस्त्रगाळ पूड, थोडं मेण, आणि काडी पुन्हा आत.

चिरा बुजवणं आणखी नाजूक. हाडाचा भुसा चिरेत भरून वर फेविक्विकचा थेंब सोडला की चीर दगडासारखी घट्ट होते, हे यूट्यूबवर कोणीही सांगतं. पुढची गोष्ट काका सांगतात: फेविक्विक प्यायलेला भुसा रंग पीत नाही. मूठ रंगवली की चीर पांढरी चरचरीत उठून दिसते. म्हणून भुसाच आधी रंगवायचा, वाळवायचा आणि मग भरायचा. काकांच्या खिडकीत यासाठी होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटल्यांची रांग आहे. प्रत्येकीत वेगळ्या छटेचा हाडाचा भुसा. समोरच्या आजी बरेच दिवस काकांना होमिओपॅथीचे डॉक्टर समजून गुडघ्यांसाठी औषध मागत होत्या.

आणि रंग! सुक्या हाडाचा जवळजवळ तिसरा हिस्सा कोलॅजन असतो. म्हणजे जात लोकरीची आणि रेशमाची. लोकरीला चढतो तो रंग हाडाला चढतो. सुती कापडाचा रंग वरवर बसतो आणि घामाने उतरतो. रंगाच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर टाकायचं, पण तेही बेताने. हाडाचा कठीणपणा आम्लात विरघळतो आणि फार वेळ विसरलात तर मूठ वरून मऊ पडते. काळा हवा असेल तर अकोल्याकडचा हिरडा आणि हिराकस. लालसर तपकिरीसाठी पानाचा कात. पोटॅशियम परमँगनेटने मूठ आधी जांभळी होते, गिऱ्हाईक घाबरतं, मग पाच मिनिटांत ती जुन्या शिसवीचा रंग घेते. अठराव्या शतकात इंग्रजांच्या टेबलावर हिरव्या मुठींची फॅशन होती. तो हिरवा तांब्याच्या जंगालाचा. काकांनी तो करून बघितला. तांब्याचं भांडं लागतं, ते काकूंच्या रुखवतातलं निघालं. जंगाल विषारी असतो, त्यामुळे ती सुरी फक्त शोकेसमध्ये ठेवायची असते. त्या तांब्याचंही पुढे तेच झालं.

पण काकांचा जीव चहात. कोरा चहा, आटवलेला. जुन्या हाडाचा पिवळट तपकिरी रंग चहासारखा दुसरा कशाने येत नाही, असं त्यांचं मत आहे. छटांची नावंही त्यांनी चहावरूनच ठेवली आहेत. फिकट ती 'हॉस्पिटल'. त्याहून गडद 'कचेरी'. मग 'लग्नघर', 'एसटी स्टँड', आणि सगळ्यात गडद, जवळपास काळी, ती 'तेरावा'. गिऱ्हाईक सुरी घेऊन आलं, की काका ती उजेडात धरून पुटपुटतात, "मागे लग्नघर, पुढे एसटी स्टँड, खिळ्यांभोवती तेरावा." पहिल्यांदा आलेला माणूस मुकाट्याने उठायला लागतो.

खरं कसब छटा ओळखण्यातही नाही. जुनी मूठ सगळीकडे सारखी काळवंडत नाही. जिथे तळवा टेकला तिथे ती तेलकट गडद होते, टोकाला फिकी राहते, अंगठ्याखाली किंचित खळगा पडतो. गेल्या वर्षी पारनेरकडचे एक गृहस्थ आजोबांचा चाकू घेऊन आले. मुठीची एक पट्टी फुटून अर्धी गेली होती. काकांनी तो उजव्या हातात धरला, परत ठेवला, डाव्या हातात धरला. बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "आजोबा डावखुरे?"

"नाही हो. उजव्या हाताने लिहायचे. मी स्वतः बघितलंय."

"विचारा कुणाला तरी."

गृहस्थांनी हसत हसत आत्याला फोन लावला, स्पीकरवर. आत्या तिकडून म्हणाल्या, "डावरेच होते रे दादा. मास्तरांनी हातावर पट्ट्या मारमारून लिहिण्यापुरते उजवे केले. पण आंबा कापायला बसले की चाकू डाव्या हातात. आई ओरडायची, नैवेद्याचा तरी उजव्याने कापा म्हणून. तुला कुणी सांगितलं?"

गृहस्थ चाकूकडे बघत राहिले. काकांनी तोवर फुटकी पट्टी सोडवायला घेतली होती. फोन आत्याबाईंकडे चालूच राहिला.

नवी पट्टी बसवताना काकांनी तो अंगठ्याचा खळगा कानशीने पुन्हा पाडला. डाव्या अंगठ्याचा. तळव्याच्या जागी 'एसटी स्टँड' तीनदा चढवला, टोकाला 'कचेरी'वर थांबले, वरून जवसाचं तेल, आणि मग स्वतः महिनाभर येता-जाता तो चाकू डाव्या हातात धरून हिंडले. बाजारात, बँकेत नाही, पण सोसायटीच्या आवारात तरी. गृहस्थ घ्यायला आले. चाकू उलटसुलट करून बघितला. भिंगातून बघितला. आणि म्हणाले, "काका, हा तर होता तसाच आहे. तुम्ही यात केलंत काय?"

काकांची शोकांतिका ही आहे. या कलेत काम उत्तम झालं, तर ते झालेलं दिसत नाही. असं काम पत्करायला माणूस मुळात अबोल, संकोची, स्वतःचं नाव न सांगणारा हवा. काकांना तर सोसायटीच्या गणपतीत आरतीचं ताट धरलं तरी माइकवरून नाव घेतलेलं लागतं. पारनेरकरांनी पैसे दिले, नमस्कार केला, आनंदाने गेले. काका दोन दिवस जेवले नाहीत. काकू म्हणतात एकच दिवस, तोही एकादशीचा होता.

तेव्हापासून त्यांनी नवी पद्धत काढली. मुठीच्या दोन पट्ट्यांपैकी एकच दुरुस्त करायची. दुसरी आहे तशी ठेवायची, फुटकी, चिरलेली, मळकी. "एक बाजू पुराव्याला." गिऱ्हाइकाने कितीही विनवण्या केल्या तरी ते ऐकत नाहीत. उलटून बघा, फरक बघा, मग बोला. आज नगरमध्ये अशा एकीकडून म्हाताऱ्या आणि दुसरीकडूनही म्हाताऱ्याच दिसणाऱ्या बऱ्याच सुऱ्या आहेत. पुराव्याचं मात्र वेगळंच झालं. मी एका घरी जेवायला गेलो होतो. यजमानांनी शोकेसमधून सुरी काढली, कौतुकाने माझ्या हातात दिली आणि फुटक्या, मळक्या बाजूवर बोट ठेवून म्हणाले, "ही बाजू आत्ता करून घेतली. जुनी म्हणजे ही इकडची, बघा काय तेज आहे!" काकांनी रंगवलेली बाजू त्यांना खरी जुनी वाटत होती. मी हे काकांना सांगितलेलं नाही. सांगितलं तर ते खूश होतील की अंथरूण धरतील, याचा मला अंदाज येत नाही.

मध्यंतरी कुणीतरी पोलिसांना कळवलं, की अमुक सोसायटीत एक म्हातारा कपड्यांच्या दोरीवर सुऱ्या वाळत घालतो. हवालदार आले. काकांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि नियम त्यांनाच समजावला: पातं नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असेल आणि ते घरकामाचं वा शेतीचं नसेल, तर परवाना लागतो. मग फूटपट्टी काढून एकेक सुरी मोजायला सुरुवात केली. प्रत्येकीबरोबर तिचा इतिहास. हवालदार तिसऱ्या सुरीला उठायला बघत होते, पण तेवढ्यात बोअर कैदी निघाले. आता ते गस्तीला आमच्या गल्लीत येत नाहीत. कोपऱ्यावरूनच शिट्टी वाजवतात.

सगळ्यात मोठा हंगाम दसऱ्याचा. खंडेनवमीला घरातली शस्त्रं पुजायची असतात आणि बहुतेक घरांत शस्त्र म्हणजे विळी, अडकित्ता आणि ही एक सुरी. नवरात्रात काकांकडे रांग लागते आणि सगळ्यांना उद्याच हवं असतं. काका रात्री जागून मुठी उजळतात, रंगवतात, तेल पाजतात. नवमीला घरोघरी त्या पाटावर मांडल्या जातात आणि कुणीतरी माउली त्यांच्यावर हळदीकुंकवाची बोटं ओढते. हळद हाडात भिनते. ती उन्हाने फिकी होते, पण तोवर सुरीचा मालक दशमीलाच सोनं द्यायच्या निमित्ताने सुरी घेऊन हजर असतो. पहिल्या वर्षी काकांनी तो पिवळा डाग सोड्याच्या पाण्याने पुसायला घेतला. हळदीला सोडा लागला की ती लाल होते. कुंकू त्याच युक्तीने तयार करतात, हे काकूंना माहीत होतं, काकांना नव्हतं. सगळी मूठ कुंकवासारखी लालभडक झाली. गिऱ्हाईक हात जोडून उभं राहिलं. देवी प्रसन्न झाल्याची बातमी संध्याकाळपर्यंत केडगावला पोहोचली होती. आता काका प्रत्येक सुरीसोबत चिठ्ठी देतात: 'हळदकुंकू फक्त पात्यास वाहावे.' बायका चिठ्ठीलाही हळदकुंकू लावतात.

या सगळ्यात काकांच्या स्वतःच्या घरात कांदा कशाने चिरतात, हा प्रश्न मी काकूंना एकदा विचारला. त्यांनी प्लॅस्टिकच्या पिवळ्या मुठीची सुरी वर करून दाखवली. परवा त्या सुरीची मूठ निखळली. काकू हातात अर्धा कापलेला कोबी घेऊन गॅलरीत आल्या.

"अहो, एवढी बसवून द्या. भाजी अडलीय."

काकांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. सुरी घेतली. चष्म्याचा दोरा आवळला. पातं उजेडाकडे तिरकं धरून बराच वेळ निरखलं, अंगठ्याने पुसलं, पुन्हा निरखलं.

"स्टेनलेस लिहिलंय," ते म्हणाले. "म्हणजे तेरा सालानंतरची आहे."

"मागच्या आषाढीची आहे," काकू म्हणाल्या. "पंढरपूरला घेतलीय, वीस रुपयांना. द्या इकडे."